चौदावा प्रश्न

शालूबाईच्या घरात तेल कधी संपत नसे, ते वाढत असे. बांगडी फुटत नसे, तीही वाढत असे. बाहेर पडताना 'जातो' म्हटलेलं चालत नसे, 'येतो' म्हणायचं. आजाऱ्याची चौकशी करायची झाली तरी 'आता बरं हाय न्हवं?' अशीच करायची. सासू मनुबाई सांगायची, वास्तुपुरुष आढ्याला बसून दिवसभर तथास्तु म्हणत असतो. भलं बोला, वंगाळ बोला, त्याला निवड नाही. शालूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. कंदील आणि रबरी चेंडू घेऊन चौथीच्या पोरांना ती ग्रहण समजावून सांगे, ग्रहणात पाणी प्यायल्यानं काही होत नाही असंही सांगे. पण शाळा सुटून उंबऱ्याच्या आत आली, की तिच्याही घरात तेल वाढत असे. बावीस वर्षांच्या संसारात ते अंगात मुरलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला आधार वाटे. आपण जीभ सांभाळायची, म्हणजे घर सांभाळलं जातं.

कोरेगावच्या अलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं गाव. नवरा आकाराम फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. इंजिनिअर पलटणीतला माणूस, पूल बांधणारा, सुरुंग काढणारा. घरी आल्यावर साखर कारखान्यात पंपावर लागला. सकाळी सहाला दाढी, साडेसहाला चहा. चहाला उशीर झाला की म्हणायचा, "बाई, तुमची घंटा आज लेट वाजली." सगळं गाव तिला बाई म्हणे, म्हणून तोही बाईच म्हणे. एकुलती लेक फलटणला दिलेली, सुखात होती. संसाराला नाव ठेवावं असं काही नव्हतं.

त्र्याण्णव साली गणपती बुडवले आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जमीन हलली. फडताळातली भांडी किणकिणली. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला कोयनेच्या धक्क्यांची सवय. "कोयना हलली वाटतं," म्हणून आकारामनं कूस बदलली आणि तो झोपला. लातूर-उस्मानाबादकडं गावंच्या गावं बसली, हे सकाळी रेडिओवर कळलं. दोन दिवसांनी कारखान्याचा ट्रक निघाला. पहारी, घमेली, दोरखंड, आणि गावातल्या बायकांनी दिवसभर थापलेल्या भाकऱ्यांची पोती. ट्रकात आकाराम होता, आणि त्याचा फौजेतला दोस्त ज्योतिबा होता. अकरा दिवस ते तिकडं होते.

तो परत आला तेव्हा त्याच्या कपड्यांना असा वास होता, की शालूबाईनं ते धुतले नाहीत, परसात जाळले. त्या दिवशी तो जेवला आणि वळकटी उचलून अंगणात शेवग्याखाली गेला. "आत उकडतंय," म्हणाला. दिवाळी आली, थंडी पडली, तरी आत उकडतच होतं. मग जेवणही अंगणात होऊ लागलं. आत आलाच, तर आढ्याकडं बघत यायचा आणि हातातलं काम झालं की बाहेर. दाढी दोन दिवसांवर गेली, मग चारांवर. कारखान्यातले लोक सांगत, पंप चालू असताना हा मध्येच कान देऊन उभा राहतो, जमिनीतून काही ऐकू येत असल्यासारखा. विचारलं तर उत्तर एकच, "काय न्हाई."

ज्योतिबाही तिथून तेच बघून आला होता. पण तो दारू प्यायचा, चावडीवर बसून सगळं सांगायचा, ढसाढसा रडायचा आणि घरी जाऊन जेवायचा. आकाराम पीत नव्हता आणि रडतही नव्हता. मनुबाईनं नारळ उतरवून टाकला, लिंबं टाकली. शेजारच्या कुणी डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हातारी अंगावर धावून गेली, "म्हंजी येरवड्याला धाडायचं का त्येला? येडा हाय व्हय माझा ल्योक?"

डिसेंबरात एक दिवस मात्र शालूबाईला बरं वाटलं. आकारामनं आपली फौजेतली काळी ट्रंक उघडून साफ केली. पेन्शनचे कागद एका गठ्ठ्यात, सातबारा दुसऱ्यात, तिच्या नावाचे कागद वेगळे, आणि झाकणाच्या आतून एक यादी चिकटवली, कुठं काय आहे त्याची. अक्षर पहिल्यासारखं ठसठशीत. "बाई, ह्ये समदं हितं हाय. ध्येनात ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. शालूबाईला वाटलं, माणसाची शिस्त परत आली. आता हळूहळू बाकीचंही येईल.

आलं काहीच नाही. तेव्हा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ती पॅसेंजर धरून सांगलीला गेली, थोरल्या बहिणीकडं. बहीण येसूबाई, आणि तिची मुलगी दीपमाला. दीपमाला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मानसशास्त्र शिकत होती. त्या पोरांना चाचण्या घ्याव्या लागत, कागदावरचे प्रश्न माणसांना देऊन उत्तरं गोळा करायची आणि वहीत लिहायची. घरोघर हिंडून पोरं माणसं शोधत. दिवाळीत दीपमालानं काकांना पाहिलं होतं आणि जाताना म्हणाली होती, "मावशी, एकदा ये. माझ्याकडं आहेत चाचण्या. काकांना डॉक्टर नको असेल तर कागदापासून तरी सुरुवात करू."

तिनं जाडजूड फाइल आणून सतरंजीवर उघडली. झेरॉक्सचे कागद तेव्हा गुळगुळीत असत आणि त्यांना औषधासारखा वास येई.

"ही रागाची. ही चिंतेची. ही आत्मविश्वासाची, ही कुणाला देऊ नकोस, आमचा अख्खा वर्ग हिच्यात नापास झालाय. ही नवरा-बायकोचं कितपत जमतं त्याची."

"ती हिकडं टाक," येसूबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या बापाला देते भराया. बघू काय दिवं लावतोय."

शालूबाईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "अगं, पण यातली आमची कुठली?"

"तेच तर आधी ठरवायचं. काय होतंय ते नीट सांग, मग चाचणी ठरते. ताप मोजायला तराजू घेऊन बसलीस, तर आकडा येईल, पण तापाचा येणार नाही."

शालूबाईनं सांगितलं. बाहेर झोपतात, जेवण तुटलंय, दाढी करत नाहीत, बोलत नाहीत. ट्रंकेचं तिनं सांगितलं नाही. ते तर चांगलं होतं, दुखण्यात कशाला सांगायचं?

दीपमालानं फाइलीतून दोन कागद टाचलेला एक संच काढला. "मग ही. उदासीची. वीस प्रश्न आहेत."

शालूबाई वाचू लागली. वाचताना हातात पेन्सिल लागायची, ती शाळेची सवय. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही का? पेन्सिल पुढं सरकली. घडलेल्या गोष्टींसाठी तुम्ही स्वतःला दोष देता का? कुणीतरी तिच्याच अंगणात शेवग्याखाली बसून हे लिहून काढलंय, असं तिला वाटलं. बारावा, तेरावा. चौदाव्या प्रश्नावर पेन्सिल थांबली. आपण जिवंत नसलो तर बरं होईल, असं तुमच्या मनात येतं का?

तिनं कागद उलटा ठेवला.

"हा एक गाळता येईल का?"

"कुठला?"

शालूबाईनं कागद परत उलटा केला आणि वाचून न दाखवता नुसतं बोट ठेवलं.

"मावशी, तोच तर विचारायचा असतो. बाकीचे एकोणीस त्याच्याचसाठी असतात म्हण."

"आमच्याकडं छपाईत चूक झाली, की आम्ही प्रश्न रद्द करतो. सगळ्या पोरांना त्याचे गुण देऊन टाकतो."

"हा चुकून नाही छापलेला."

"असलं मी माझ्या दारात वाचू?" शालूबाईचा आवाज चढला. "संक्रांत तोंडावर आली. माझ्या तोंडानं, माझ्या नवऱ्याला?"

"खरं हाय तिचं," येसूबाई हात पुसत बाहेर आली. "कुंकवाच्या धन्याला असलं इचारत्यात व्हय गं? सटवीनं ऐकलं म्हंजे?"

"आई, आमचे सर सांगतात, विचारल्यानं कुणाच्या मनात नसलेलं भरत नाही. असलेलं बाहेर येतं."

"तुझ्या सरांना सासू हाय का?" शालूबाई म्हणाली.

शालूबाईनं फाइल स्वतःकडं ओढली आणि चिंतेची चाचणी निवडून काढली. छातीत धडधडतं का? तळहातांना घाम येतो का? झोपेतून दचकून उठता का? स्वच्छ, घरात वाचण्यासारखे प्रश्न. कुणाच्या मरणाचं नाव नाही. आणि धक्क्यानं माणूस भ्यायला असेल तर ही चिंताच की, दुसरं काय? तिनं स्वतःला पटवलं. बाजारात कापड घेताना बाई जसं पदरातल्या पैशाचं कापड निवडते आणि मग हाच रंग मला आवडला म्हणते, तसं ते झालं.

"ही त्यांची नाही, मावशी," दीपमाला म्हणाली. "त्यापेक्षा सरळ डॉक्टरांकडं चला." मग मावशीचा चेहरा बघून तिनं सोडून दिलं. "बरं, एवढं तरी कर. कागद त्यांच्या हातात दे, एकट्यांना बसून भरू दे. तू वाचून दाखवू नकोस. आजीसमोर तर नकोच."

"बरं," शालूबाई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं कागद पुढं केला, तर आकाराम म्हणाला, "वाच की. बाई हायस न्हवं?" मनुबाई तिथंच सुपात तीळ निवडत बसली होती. तिला ऊठ कसं म्हणायचं? शालूबाईनं पेन्सिल घेतली.

"मेडिकल बोर्ड बसवलंय का काय?" आकाराम म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"तसंच समजा. छातीत धडधडतं?"

"न्हाई."

"नेहमी, कधी कधी, का कधीच नाही?"

"कदीच न्हाई. लिही."

"तळहाताला घाम येतो?"

"ह्या थंडीत?"

"झोपेतून दचकून उठता?"

"झोपलो तर दचकनार न्हवं," तो म्हणाला. मनुबाई हसली. तोही हसल्यासारखं करून म्हणाला, "लिही, न्हाई."

त्या भागातली पोरं मिसरूड फुटायच्या आधीपासून भरतीसाठी पळतात. छातीला टेप लागली, की श्वास रोखून छाती फुगवायची, डोळ्यांचा तक्ता आधीच पाठ करून जायचा, दुखरा दात जिभेआड दडवायचा. तपासणी म्हणजे पास व्हायची जागा, हे तिथल्या पुरुषाच्या हाडात असतं. फौजेत पूर्ण धडधाकट माणसाला 'शेप वन' म्हणत, आणि आकाराम अठरा वर्षं शेप वन राहिला होता. तो बायकोच्या कागदापुढं नापास होणार होता थोडाच? शालूबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिचा भाऊ, तिचा चुलतदीर असेच भरती झाले होते. तरी उत्तरं लिहिताना तिला सुटल्यासारखं वाटत गेलं. प्रत्येक 'न्हाई' म्हणजे आढ्याकडं पाठवलेला एक शुभ शब्द होता.

बेरीज नऊ आली. खाली छापलं होतं, वीसपर्यंत सामान्य.

"नऊ!" ती म्हणाली.

"शेप वन," आकाराम म्हणाला आणि त्यानं बसल्या बसल्या सलाम ठोकला. मनुबाईनं उठून मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि लेकाची दृष्ट काढली. शालूबाईनं शेवयांची खीर केली. मग स्टँडजवळच्या बूथवर जाऊन तिनं सांगलीला शेजाऱ्यांकडं फोन लावला आणि दीपमालाला बोलावून घेतलं.

"नऊ पडले गं!"

पलीकडून दीपमालानं विचारलं, "मावशी, वाचून दाखवलंस ना?"

शालूबाईनं फोन ठेवला.

तीन दिवसांनी भोगी होती. मधल्या सुट्टीत पोरं डबे खात होती, तेवढ्यात ज्योतिबा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. शुद्धीत होता, आणि म्हणूनच ओशाळलेला दिसत होता.

"वैनी, आकाराम माझ्यावर रागावलाय का वो?"

"का? काय झालं?"

त्यानं बाही वर केली. मनगटावर आकारामचं घड्याळ होतं. पलटणीत मिळालेल्या पहिल्या पगाराचं, अंघोळीलासुद्धा न निघणारं. "सकाळच्याला आला आन् म्हनला, ठेव तुला. मी म्हनलं, गड्या, तुला येळ कसा कळनार? तर म्हनला, मला न्हाई लागायचा आता. आन् म्हनला, आईकडं बगत जा. माझं काय चुकलं आसंल तर सांगा, वैनी. मी पितो, पर त्येच्या शब्दाभाईर न्हाई."

शालूबाईच्या डोळ्यांपुढं ट्रंकेचं झाकण आलं. त्यावरची ती ठसठशीत यादी. महिनाभर ती त्या यादीला शिस्त म्हणत होती.

बावीस वर्षांत तिनं वर्ग सोडला नव्हता. तो तिनं सोडला. खडू हातात तसाच, ती अर्धी चालत, अर्धी पळत घरी आली. मनुबाई भोगीच्या भाजीला वाल सोलत बसली होती.

"हे कुठं गेले?"

"गेला की मगाशीच. नदीकडं."

"काय म्हणाले?"

"काय म्हननार? म्हनला, जातो आये. मी म्हनलं, आरं सनाचं तरी येतो म्हन. तर हासला आन् गेला."

शालूबाईनं चप्पल घातली नाही. तो बंधाऱ्यावर बसला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा, चपला बाजूला एकाशेजारी एक लावून ठेवलेल्या. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. वाटेत तिनं ठरवलं होतं, की इथं विचारावं. इथं आढं नाही, वास्तू नाही, तथास्तु म्हणायला कुणी बसलेलं नाही. पण समोर पाणी होतं, आणि त्या पाण्याशेजारी तिच्या जिभेला तो प्रश्न उचलेना.

"घरी चला," ती म्हणाली.

तो तिच्या मातीनं भरलेल्या पायांकडं बघत राहिला. मग हुकूम मिळाल्यासारखा उठला, चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग आला. अंगणात येऊन शेवग्याखाली थांबला.

"आत या."

"हितं बरं हाय."

"आत या म्हणते ना."

तो आत आला. आढ्याकडं बघत, भिंतीला पाठ न लावता मधोमध बसला. मनुबाई चुलीपुढून वळून बघू लागली. शालूबाई त्याच्यासमोर बसली. तीन महिने या घरात एकही वाकडा शब्द निघाला नव्हता. तेल वाढलं होतं, बांगड्या वाढल्या होत्या, कागदावर नऊ गुण पडले होते, आणि माणूस चपला काढून बंधाऱ्यावर बसला होता.

"तुमच्या मनात मरायचं येतं का?"

मनुबाईच्या हातातली पळी चुलीच्या बाजूला आपटली. "शाले! तोंड जळो तुजं! सनासुदीचं कुणाला काय इचारतीस? आगं कुंकू हाय न्हवं तुज्या कपाळावर?"

शालूबाईनं तिकडं पाहिलं नाही. भाजी करपल्याचा वास यायला लागला.

"व्हय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तितनं आल्यापासनं. रोजच."

"माझ्या दारात काय बोलतोस ह्ये!" म्हातारी रडकुंडीला आली. "वास्तू तथास्तु म्हनती रं बाबा!"

"आये," आकाराम म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी शांत होता, "तितल्या बायांनी कवा वंगाळ काडलं आसंल? गनपती बुडवून आलती मानसं. गोडधोड खाऊन निजलीवती. तरी बी आढं आलंच की खाली."

मग तो बोलू लागला. थांबत, मागं-पुढं होत. तिकडची घरं माळवदाची, दगडाच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं ओझं. तिसऱ्या दिवशी एका ढिगाखालून त्याला बाईमाणसाचा आवाज आला. दादा, म्हणत होती. दादा, मी हाय इथं. त्यानं हातानं माती उकरली, दगड हलेना. एवढ्यात पलीकडच्या बोळातून मदतपथकाच्या साहेबांची हाक आली, की तिथं चार-पाच जणांचे आवाज येतायत, सगळी माणसं तिकडं हवीत. साहेबांचं बरोबर होतं. एकापेक्षा चार जास्त. तो ढिगाशी वाकला आणि तिला सांगून गेला.

"काय सांगितलंत?"

"येतो म्हनलं," आकाराम म्हणाला. "येतो म्हनून गेलतो, बाई."

पलीकडच्या बोळात त्यांनी दोन माणसं जिवंत काढली. त्याला परत यायला दुसरा दिवस उजाडला. ढीग तसाच होता आणि आवाज नव्हता. तो नाव विचारायचं विसरला होता, त्यामुळं हाक काय मारायची तेही त्याला कळलं नाही. दादा म्हणणाऱ्या बाईला उलट काय म्हणतात? तो बराच वेळ नुसता 'ओ' देत राहिला.

सांगून झालं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. शालूबाईनं त्याचा हात धरला, मनुबाईसमोर, दिवसाढवळ्या. बावीस वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. म्हातारीनं तोंड फिरवलं.

संक्रांतीच्या दिवशी गावातल्या बायका वाण घेऊन निघाल्या, तेव्हा शालूबाई नवऱ्याला घेऊन सांगलीच्या गाडीत बसली होती. ज्योतिबा सोबत होता. आकारामच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, दोघांत धरून नेल्यासारखा. दीपमाला स्टेशनवर आली होती. डॉक्टरांनी तो उदासीचा कागद मागितला नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न चौदावा विचारला, 'तुमचं गाव कोणतं' विचारावं तसा.

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी सगळं बरं झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहिल्या महिन्यात तो नुसता झोपून असे. कारखान्यातून रजा मिळाली आणि पाठोपाठ बातमीही गेली, आकारामचं डोकं गेलं म्हणून. फलटणला लेकीच्या सासरी कुणीतरी जाऊन सांगून आलं. शालूबाईच्या वर्गातल्या दोन पोरांची नावं आयांनी दुसऱ्या तुकडीत घातली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं नाही, आणि तिनंही केलं नाही.

डॉक्टरांनी तिला एक काम दिलं होतं. रोज विचारायचं. ती रोज दिवेलागणीला विचारी, शेवग्याखाली खाटेवर बसून, आज मनात आलं का म्हणून. कधी तो म्हणे, व्हय. कधी म्हणे, सकाळच्याला हुतं, आता न्हाई. कधी नुसती मान हलवी, आणि मग त्या दिवशी तिचा भाऊ किंवा ज्योतिबा अंगणात खाट टाकून राही. घरातली दावी, पिकावरच्या औषधाचे डबे ज्योतिबाकडं जाऊन राहिले होते. असे दिवस गेले. बरे आणि वाईट, पण वाईट जास्त.

मनुबाईनं या सगळ्यात सुनेशी अबोला धरला. शालूबाई खाटेकडं निघाली, की म्हातारी पदर कानांवर ओढून परसात निघून जाई आणि विचारून होईपर्यंत तिथं उभी राही. बोलायचं असेल ते भांड्यांशी बोले. "काही बायांची जीभच इळा," असं ती तांब्याला सांगे. शालूबाई ऐकून घेई.

फाल्गुनात आकाराम अर्धा दिवस कामावर जाऊ लागला. ज्योतिबा त्याला सायकलवरून नेई आणि आणी. अजून तो आत झोपत नव्हता. एक दिवस दोघांना यायला उशीर होणार होता, तसा निरोप आला. शालूबाईनं देवापाशी दिवा लावला आणि वळली, तर मनुबाई परसात गेलेली नव्हती. चुलीजवळ पाटावर बसून होती.

"आज न्हाई इचारायचं?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा ती सुनेशी बोलत होती. शालूबाई दचकली. "ते आल्यावर विचारीन, आत्ती."

"रोज इचारतीस त्येला."

"व्हय."

म्हातारी चुलीतली राख काटकीनं इकडून तिकडं करत राहिली. "त्येला तू हायस. मला कुनी इचारावं?"

शालूबाईला आधी वाटलं, टोमणा आहे. मग तिनं त्या राखेत फिरणाऱ्या हाताकडं पाहिलं. काटकी मोडली होती, तरी तो फिरतच होता.

"आत्ती, तुमच्या मनात आलं होतं का?"

मनुबाईनं आढ्याकडं एकदा पाहिलं, ऐकतोय तर ऐकू दे अशा नजरेनं.

"तुझा सासरा गेला तवा आकाराम चार वर्साचा हुता. भाऊबंदांनी मला एका खोलीत घातलेलं, दोन येळचं खायला न्हाई. तीनदा हिरीवर गेलते. तिसऱ्या खेपंला ह्ये मागनं चालत आलं, आन् म्हनलं, आये, भूक लागली. मग आले माघारी." ती थांबली. "त्याला सांगितलं न्हाई कवा. कुनालाच न्हाई. बेचाळीस वर्सं झाली."

"आणि आता?" शालूबाईनं विचारलं. "आता येतं मनात?"

"आता गुडगं दुखत्यात. तितवर कोन चालतंय," म्हातारी म्हणाली, आणि हसली नाही.

शालूबाईनं दुसरा पाट पुढं ओढला आणि तिच्याजवळ बसली. भाकरीचं पीठ परातीत तसंच होतं.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासनं सांगा."